नामिबियाच्या किनारी वाळवंटात रस्ता निवडताना: डांबर, खडी की मीठ?

नामिबियात पहिल्यांदा स्वतः गाडी चालवणारे बहुतेकजण नकाशावर दोन गावांमधली सर्वात आखूड रेघ शोधतात आणि त्या रेघेवरून दिवस आखतात. अटलांटिकच्या काठच्या नामिब वाळवंटात हा हिशेब हमखास चुकतो. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. ते उजेडाच्या तासांत मोजायचं आणि प्रत्येक रस्त्यासाठी विचारायचं: या रस्त्यावर नेमकं काय बिघडतं आणि ते बिघडलं तर माझ्याजवळ उपाय आहे का? पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. स्वाकोपमुंड, वॉल्विस बे, ल्यूडरित्झ आणि त्यांच्या मागचं वाळवंट एवढाच भाग इथे धरला आहे.

पायरी 1: अक्षरावर विसंबू नका

नामिबियातल्या रस्त्यांना बी, सी आणि डी अशी अक्षरं आहेत. बी म्हणजे मुख्य महामार्ग. ते जवळपास सगळे डांबरी आहेत. डी म्हणजे जिल्हा रस्ते, म्हणजे खडी, माती आणि क्वचित नुसती चाकोरी. फसगत होते ती सी अक्षरापाशी. हे अक्षर रस्त्याचं प्रशासकीय महत्त्व सांगतं, पृष्ठभाग सांगत नाही. ल्यूडरित्झच्या वाटेवरच्या आउसहून रोश पिनाहला जाणारा सी 13 डांबरी आहे. वॉल्विस बेहून सॉलिटेअरला जाणारा सी 14 शहराजवळचा तुकडा सोडला तर खडीचा आहे. आउट्योहून खोरिक्सासला जाणारा सी 39 डांबरी आहे, पण तोच रस्ता खोरिक्सासच्या पुढे किनाऱ्याकडे वळला की खडीचा होतो. एकाच क्रमांकाखाली दोन वेगळे रस्ते.

म्हणून आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी करा. ट्रॅक्स फॉर आफ्रिकासारख्या, प्रत्यक्ष प्रवासवेळ दाखवणाऱ्या नकाशावर दर टप्प्याचा पृष्ठभाग पाहा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. मग मुक्कामाच्या जागी विचारा, पण "रस्ता चांगला आहे का?" असं विचारू नका, कारण त्याला उत्तर "हो" असंच येतं. "शेवटचा ग्रेडर (खडी सपाट करणारं यंत्र) कधी फिरला? गेल्या आठवड्यात पाऊस झाला का? तुम्ही स्वतः किती वेळात जाता?" असं विचारा. रोजच्या ड्रायव्हरने तीन तास सांगितले तर नवख्याने चार धरावेत.

सरासरी वेग असा धरा: डांबरावर 90, चांगल्या खडीवर 60, डी रस्त्यावर 40 ते 50. घाटात त्याहून कमी. फोनवरचे नेहमीचे नकाशे खडीवरही डांबराच्या जवळपासचा वेग धरतात. दिवसाचं वेळापत्रक मोडतं ते बहुधा याच कारणाने.

पायरी 2: चार पृष्ठभाग, चार वेगळे धोके

*डांबर.* डांबर म्हणजे सुरक्षित असं समीकरण डोक्यातून काढून टाका. राजधानी विंडहुकहून स्वाकोपमुंडला येताना ओकाहांद्यापासून बी 2 लागतो. कारिबिब, उसाकोस करत ही सगळी वाट सुमारे 360 किलोमीटरची आहे. वॉल्विस बे हे देशाचं मुख्य खोल बंदर, त्यामुळे या रस्त्यावर अवजड ट्रक सतत असतात. बराच भाग दोन पदरी आहे. समोरून गाडी येत असताना घाईने ओव्हरटेक करणं हा इथला खरा धोका, आणि किनाऱ्याजवळ त्यात धुक्याची भर पडते. धुक्यात दिवसाही हेडलाइट लावा आणि ते लो बीमवरच ठेवा.

दक्षिणेला आउस ते ल्यूडरित्झ हा बी 4 चा सुमारे 125 किलोमीटरचा डांबरी पट्टा आणखी वेगळा. शेवटच्या भागात वारा वाळूच्या पट्ट्या रस्त्यावर आडव्या आणून टाकतो. सकाळी मोकळा असलेला रस्ता दुपारी अर्धा बुजलेला असू शकतो. ताशी 100 ने अशा पट्टीत शिरलं की पुढची चाकं एकदम अडतात आणि गाडी फिरते. पट्टी दिसताच आधीच वेग कमी करा, वाळूत शिरल्यावर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ ठेवा. वारा जोराचा असेल तर निघूच नका. उडती वाळू रंग आणि पुढची काच खरवडून धुरकट करते आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा धरलेलं नसतं.

*मीठ.* हा या किनाऱ्याचा खास रस्ता. जिप्सम असलेली मुरुमासारखी माती अंथरायची, तिच्यावर मिठाचं तीव्र खारं पाणी मारायचं, दाबायचं आणि वाळू द्यायचं. पाऊस जवळजवळ नसतोच, म्हणून हा थर टिकतो. कोरडा असताना तो डांबराइतका कठीण आणि गुळगुळीत असतो, दिसतोही डांबरासारखा काळपट करडा. खड्डे कमी, धूळ कमी, टायरला टोकदार दगड लागत नाहीत. लहान गाडीसाठी तो खडीपेक्षा कितीतरी बरा.

त्याचा दोष एकच, पण मोठा: मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. किनाऱ्यालगतच्या थंड बेंग्वेला सागरी प्रवाहामुळे रात्री समुद्रावरून धुकं आत येतं, रस्त्यावर दव धरतं आणि वरचा पातळ थर निसरडा होतो. रस्ता ओला आहे हे रंगावरून सहज कळत नाही. ओळखण्याची रीत साधी आहे. मागे कोणी नाही हे पाहून ताशी 30 च्या वेगात सरळ पट्ट्यात हलका ब्रेक दाबा. एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) थरथरला किंवा गाडी किंचित सरकली तर वेग 50 च्या खाली ठेवा आणि धुकं विरेपर्यंत तसाच राहू द्या. वळणावर हा प्रयोग नको. सी 34 हा किनाऱ्याने उत्तरेला जाणारा या जातीचा रस्ता, पण त्यातल्या काही भागांचं डांबरीकरण झालं आहे. डांबर संपून मीठ कुठे सुरू होतं तो सांधा लक्षात ठेवा, कारण निष्काळजी वेग तिथेच अंगाशी येतो.

मिठाच्या रस्त्यावरून दिवसभर फिरल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, ब्रेकच्या नळ्या आणि चाकांच्या आतल्या बाजूसकट. गंज लगेच दिसत नाही, म्हणून हे काम टाळलं जातं.

*खडी.* इथे थोडं थांबू, कारण पर्यटकांच्या गाड्या उलटतात त्या बहुतेक खडीवर. ग्रेडर फिरून काही आठवडे झाले की रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात. चाक एका उंचवट्यावरून उडतं, पलीकडे आपटतं, तिथली माती मागे ढकलतं, आणि पुढची प्रत्येक गाडी तोच खड्डा खोल करते. ताशी 80 च्या पुढे गेलं की गचके कमी जाणवतात, आणि म्हणून अनेकजण वेग वाढवतात. गचके कमी होतात कारण चाकं लाटांच्या फक्त माथ्यांना शिवत असतात. म्हणजे रस्त्यावरची पकडही तेवढीच उरलेली असते. वळण आलं किंवा ब्रेक लागला की गाडी ऐकत नाही. कायद्याने खडीवर ताशी 100 ची मर्यादा आहे, भाड्याच्या करारात ती बहुधा 80 असते, आणि नवख्यासाठी 60 ते 70 योग्य.

दुसरा धोका सुट्ट्या खडीच्या बांधाचा. रहदारीने चाकांच्या चाकोऱ्या स्वच्छ होतात आणि खडी मध्ये व कडेला साचते. समोरून गाडी आली म्हणून झटक्यात कडेला घेतलं की डावी चाकं त्या साचलेल्या खडीत ओढली जातात. चालक घाबरून उजवीकडे जोरात फिरवतो आणि गाडी आडवी होऊन उलटते. रस्ता मोकळा असताना तुमची चाकं मधल्या स्वच्छ चाकोरीत असली तरी चालेल, पण चढाच्या माथ्यावर आणि आंधळ्या वळणावर आधीच डावीकडे या. समोरची धूळ दिसताच 40 वर या आणि सावकाश बाजू घ्या. एवढ्याने काचही वाचते, कारण उडणाऱ्या दगडाचा मार दोन्ही गाड्यांच्या वेगाची बेरीज करून बसतो. चाक खडीत ओढलं गेलंच तर ब्रेक नाही, झटका नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट पण स्थिर धरा, वेग उतरला की हळूहळू वर या.

नुकताच ग्रेडर फिरलेला रस्ता उत्तम, पण काम चालू असेल तर मध्यभागी मातीची लांब रास पडलेली असते. ती ओलांडून ओव्हरटेक करू नका. खडीवर थांबायला लागणारं अंतर डांबराच्या दुप्पट धरूनच चला. एबीएसमुळे सुट्ट्या खडीवर हे अंतर आणखी वाढतं.

*वाळू.* फोर बाय फोर आणि अनुभव दोन्ही नसतील तर वाळू निवडू नका. सेसरीमपासून सोसुसव्लेई या वाळूच्या टेकड्यांमधल्या कोरड्या तळ्याकडे जाणारे 60 किलोमीटर डांबरी आहेत. त्यानंतरचे शेवटचे सुमारे 5 किलोमीटर खोल वाळूचे. डांबर संपतं तिथे साधी गाडी लावायची जागा आहे आणि पुढे न्यायला तिथल्या गाड्या असतात. त्यांनीच जा. वॉल्विस बेच्या दक्षिणेला सँडविच हार्बरकडे स्वतः गाडी नेऊ नये. तिथे टेकड्या आणि समुद्र यांच्यामध्ये उरणारी पट्टी भरतीला नाहीशी होते. हा रस्ता त्या भागात नेहमी गाडी नेणाऱ्या वाटाड्यांसाठी आहे.

पायरी 3: गाडी ताब्यात घेताना

रस्ता निवडण्याची मुभा गाडीवर अवलंबून असते, म्हणून ही तपासणी निवडीचाच भाग आहे.

- स्टेपनी: खडीवर शंभरेक किलोमीटरपेक्षा जास्त जायचं असेल तर दोन, आणि दोन्ही पूर्ण आकाराच्या. एकच असेल तर दुर्गम डी रस्ते यादीतून काढा.
- टायरचं वय: टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा वर्षांहून जुना टायर बदलून मागा.
- जॅक, पाना आणि स्टेपनी खाली उतरवण्याची चावी: तिथल्या तिथे वापरून पाहा. एखादा नट पान्याने सैल होत नसेल तर ते आवारातच कळलेलं बरं.
- जॅकखाली ठेवायला सुमारे 30 सेंटिमीटरची जाड फळी. नुसत्या खडीत जॅक खाली रुततो.
- हवा मोजायचं मापक, बारा व्होल्टचा पंप, ट्यूबलेस पंक्चर किट, टॉर्च.
- माणशी रोज 5 लिटर पाणी, आणि त्याशिवाय गाडीत 10 लिटर राखीव.
- करारात टायर, काच, गाडीचा तळ, वाळूने झालेलं नुकसान, दुसरं वाहन नसताना झालेला अपघात आणि सूर्यास्तानंतरचं चालवणं यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. काही कंपन्या ठरावीक रस्ते नावानिशी वगळतात. असा रस्ता तुमच्यासाठी बंदच समजा.

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना सोबत ठेवा. नामिबियात गाडी डावीकडून चालते, त्यामुळे भारतीय चालकाला तेवढा एक त्रास कमी.

पायरी 4: हवा किती

गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा हा आधार. तो 35 पीएसआय असेल तर डांबरावर आणि मिठावर 35, खडीवर 28 ते 30, खोल वाळूत 15 ते 18. खडीवर हवा थोडी कमी केल्याने टायर दगडावर दबतो, फाटत नाही, लाटांचे गचके कमी होतात आणि पकड वाढते. फार कमी केली तर टायरची कड तापते आणि फुटते. म्हणून 28 वर असताना वेग 80 च्या वर नको, आणि 18 वर 30 च्या वर नको. डांबरावर परत आलं की पुन्हा हवा भरा. हा कंटाळा करणाऱ्यांचे टायर बी 2 वर उन्हात फुटतात.

मोजणी सकाळी, टायर थंड असताना करा. चालवल्यावर मापक 3 ते 5 पीएसआय जास्त दाखवतं, पण म्हणून तेवढी हवा काढून टाकू नका.

हाताने फोर बाय फोर लावायची सोय असेल तर खडीवर फोर हाय (चारही चाकांना जोर देणारा, नेहमीच्या वेगासाठीचा पर्याय) लावा. मागची चाकं घसरणं कमी होतं. डांबरावर मात्र ती काढा, नाहीतर गिअर आणि ॲक्सलवर ताण येतो.

पायरी 5: दिशा आणि घड्याळ

हा मुद्दा मार्गदर्शक पुस्तकांत क्वचितच येतो, आणि आमच्या मते तो सर्वात उपयोगी आहे. किनारा पश्चिमेला आहे. दुपारी 3 नंतर किनाऱ्याकडे निघालात तर सूर्य थेट डोळ्यांत, समोरच्या गाडीची धूळ त्या उजेडात पांढरी भिंत होते आणि रस्त्यावरचे खड्डे दिसेनासे होतात. किनाऱ्यावर भल्या सकाळी पोचायचं म्हटलं तर धुकं.

म्हणून आतून किनाऱ्याकडे जाताना सकाळी 7 च्या सुमारास निघा आणि दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान पोचा. धुकं बहुधा विरलेलं असतं, सूर्य अजून डोक्यावर असतो. किनाऱ्यावरून आत जाताना घाई करू नका. 9 किंवा 10 ला धुकं उठलं की निघा. दुपारी सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो.

सूर्यास्ताच्या एक तास आधी मुक्कामावर असायचं. ओरिक्स, स्प्रिंगबॉक आणि कुडू ही हरणासारखी जनावरं संध्याकाळी रस्त्यावर येतात. कुडू धडकला तर तो बॉनेटवरून थेट काचेवर येतो.

पायरी 6: तीन नेहमीचे पेच

*स्वाकोपमुंड ते विंडहुक.* बी 2 ने सुमारे 360 किलोमीटर, चार ते साडेचार तास. बोसुआ घाटातला सी 28 अंतराने कमी, पण बहुतेक खडीचा आणि तीव्र चढाचा. वाटेत पंप नाही, रहदारी तुरळक. यात वेळ वाचत नाही, उलट दीड-दोन तास जास्त जातात. विमान पकडायचं असेल त्या दिवशी सी 28 घेऊ नका. मोकळा दिवस, दोन स्टेपन्या आणि भरलेली टाकी असेल तर तो सुंदर आहे.

*वॉल्विस बे ते सेसरीम.* इथे डांबरी पर्याय खरं म्हणजे नाहीच. देशाच्या मध्यातून फार मोठा वळसा पडतो आणि शेवटी खडी येतेच. म्हणून सी 14. क्विसेब आणि गाउब हे दोन घाट लागतात, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. सॉलिटेअरपर्यंत साधारण 230 किलोमीटर, तिथे पंप आहे, पुढे सेसरीम सुमारे 85. वॉल्विस बेला टाकी भरा, सॉलिटेअरला पुन्हा भरा. दुपारी 12 नंतर निघायची वेळ आली तर वॉल्विस बेलाच राहा.

*स्वाकोपमुंड ते डामारालँड (वायव्येकडचा डोंगराळ भाग).* एक वाट सी 34 ने उत्तरेला: हेन्टीस बे, केप क्रॉसची सील वसाहत, मग उगाबमुंडच्या फाटकातून स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यान, आणि स्प्रिंगबॉकवासरच्या फाटकाने सी 39 वर बाहेर. उद्यानातून नुसतं पार जाणाऱ्यांनाही फाटकावर परवाना घ्यावा लागतो आणि दुपारी 3 नंतर आत सोडत नाहीत. मोटरसायकलला प्रवेश नाही. दुसरी वाट हेन्टीस बेहून सी 35 ने उइसमार्गे. पहिली वाट निर्जन, मिठाची आणि धुक्याची, मदत फार दूर. दुसरी खडीची, पण मध्ये उइससारखं गाव आणि पंप. एकटी गाडी, एक स्टेपनी आणि निघायला उशीर, यांपैकी कोणतीही दोन असतील तर उइसची वाट घ्या.

पायरी 7: वाटेत मागे फिरण्याची खूण

निघण्यापूर्वीच एक वेळ आणि एक जागा ठरवा. उदाहरणार्थ: 1 वाजेपर्यंत अर्धं अंतर कापलं नाही तर मागे. पहिली स्टेपनी वापरली गेली आणि पुढच्या गावापेक्षा मागचं गाव जवळ असेल तर मागे. इंधन निम्म्याखाली आणि पुढचा पंप अनिश्चित असेल तर मागे. खडीवर इंधन डांबरापेक्षा 15 ते 25 टक्के जास्त जातं, वाळूत दीडपट. म्हणून दर पंपावर टाकी भरायची, निम्मी भरलेली असली तरीही. कार्ड चालेलच असं नाही, नामिबियन डॉलर रोख ठेवा. दक्षिण आफ्रिकी रँडही त्याच किमतीला घेतात.

जानेवारी ते एप्रिल या काळात आतल्या डोंगरांत पाऊस झाला की स्वाकोप, क्विसेब, उगाब, ओमारुरू या एरवी कोरड्या नद्या अचानक वाहतात. तुमच्या डोक्यावर आकाश निळं असतानाही पूर येऊ शकतो. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, खोली कितीही कमी दिसो. तळाची वाळू वाहून गेलेली असते. पाणी काही तासांत ओसरतं, त्यानंतर पायी जाऊन तळ तपासा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही अडचणीत करू नका: रस्ता खराब म्हणून शेजारच्या माळावरून नवी वाट पाडणं. किनाऱ्याजवळच्या खडीवर दगडफुलाचे थर आहेत. ते धुक्याच्या ओलाव्यावर जगतात आणि अतिशय मंद वाढतात. चाकाचा एक ओरखडा तिथे कित्येक दशकं राहतो. शिवाय हे बेकायदा आहे. नामिब-नॉक्लुफ्त उद्यानात मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटांवर जायचं असेल तर आधी परवाना घ्या आणि आखलेल्या वाटेवरच राहा.

पायरी 8: टायर गेलाच तर

स्टिअरिंग जड झालं किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली की ब्रेक न लावता वेग उतरवा आणि सपाट, कठीण जागा येईपर्यंत चालत्या माणसाच्या वेगाने पुढे जा. माथ्यावर किंवा वळणावर थांबू नका. हॅण्डब्रेक लावा, विरुद्ध बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. गाडी उचलण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा. फळी ठेवून जॅक लावा. नवं चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या जोड्यांनी घट्ट करा, एका ओळीने नाही. 50 किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. खडीच्या हादऱ्यांनी नट हमखास थोडे सैल होतात.

गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. सावलीला बसा, बॉनेट उघडं ठेवा. फोनला रेंज असेल तर पोलिसांचा क्रमांक 10111, अपघातात मोटर वाहन अपघात निधीचा 9682. शहरं आणि मोठे रस्ते सोडले की लांब पट्ट्यांत रेंज नसते. म्हणून निघताना मुक्कामाच्या माणसाला रस्त्याचा क्रमांक आणि पोचायची वेळ लिहून द्या. पोचलात की पहिला फोन त्याला करा.